दारी आलेला प्रवासी घरचा कधी होतो?

सदाशिवपेठी

नमस्कार. परगावी मुक्काम कुठे करावा यावर येथे पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्याकडे मुक्कामाला आलेल्या अनोळखी माणसाला घरात कसे सामावून घ्यावे यावर मात्र मला फारसे काही सापडले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी २०११ पासून असे प्रवासी उतरतात. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेली आणि तिची खोली रिकामी झाली. त्याच सुमारास ओळखीच्या एका प्राध्यापकांनी विचारले, की भांडारकर संस्थेत हस्तलिखिते पाहण्यासाठी एक जर्मन विद्यार्थी येत आहे, त्याची वसतिगृहातली खोली मिळायला दोन दिवसांचा उशीर आहे, तेवढे दोन दिवस ठेवून घ्याल का. आम्ही हो म्हटले. तो नऊ दिवस राहिला. त्यानंतर कधी ओळखीतून, तर कधी प्रवासी आणि यजमान यांची गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळांवरून माणसे येत राहिली. कुणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते आणि ते आजवर पाळले आहे. माझी पत्नी प्रत्येकाचे नाव, गाव आणि त्याला न चालणारे पदार्थ एका वहीत लिहून ठेवते. त्या वहीत आज ६३ नावे आहेत.

या ६३ जणांशी आमची सारखीच मैत्री झाली असे मी म्हणणार नाही. पंधरा-वीस जणांशी आजही पत्रव्यवहार आहे, त्यांच्या घरची लग्ने, बाळंतपणे, आजारपणे आम्हाला कळतात आणि आमची त्यांना. बाकीचे आले, आनंदाने राहिले आणि गेले. मागच्या दिवाळीत आम्ही दोघे ती वही घेऊन बसलो आणि या पंधरा-वीस जणांच्या बाबतीत वेगळे काय घडले होते, ते आठवू लागलो.

पहिली दोन वर्षे मी पाहुण्याला पुणे दाखवत असे. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, वेळ असला तर सिंहगड. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहून मी सांगत असे, की वाडा १७३२ साली बांधून झाला आणि १८२८ च्या आगीत आतले सगळे जळाले, म्हणून आज तट, दरवाजे आणि जोती एवढेच दिसते. पाहुणा मान डोलवत असे. मी बोलायचे आणि त्याने ऐकायचे, अशी आमची कामे ठरून गेलेली होती. संध्याकाळी दोघेही दमून घरी येत असू आणि एकमेकांशी अतिशय अदबीने वागत असू. यात वाईट काही नव्हते, पण ज्यांच्याशी पुढे घरोबा झाला त्यांच्यापैकी एकाचीही ओळख अशा फेरीत वाढलेली नाही, हे वही चाळताना आमच्या लक्षात आले.

त्या जर्मन मुलाची गोष्ट सविस्तर सांगतो. चौथ्या दिवशी पत्नीची पाठ धरली होती, मला कामावर जायचे होते आणि घरात ज्वारीचे पीठ संपले होते. दळण टाकून येतो का, असे तिने त्याला संकोचत विचारले. तीन किलो ज्वारीचा स्टीलचा डबा पिशवीत घालून तो गल्लीच्या टोकाच्या गिरणीत गेला. गिरणीवाल्याने सांगितले, की आता गहू चालू आहे, त्यावर लगेच ज्वारी घातली तर तुमच्या पिठात गहू येईल, तेव्हा थांबा. तो बाकावर बसला. तिथे दळणासाठी थांबलेल्या एका आजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि आपल्या पेठेत कुणालाही विचारतात तोच प्रश्न विचारला : "कुणाकडचे?"

त्याला मराठी येत नव्हते, पण संस्कृत येत होते, आणि त्या शब्दाचा अर्थ त्याने नेमका ओळखला. त्याने आमचे आडनाव सांगितले. आजी म्हणाल्या, "असं होय," आणि सरकून त्याला पंख्याखाली जागा दिली. पाऊण तासाने तो डबा छातीशी धरून घरी आला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. नुकतेच दळलेले पीठ इतके गरम असते हे आपल्याला माहीत नव्हते, असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. पत्नीने त्याच पिठाची भाकरी थापली तेव्हा तो ओट्याशेजारी उभा राहून पाहत होता, आणि डबा आपण आणला आहे या अधिकाराने मधे मधे प्रश्न विचारत होता. दुसऱ्या दिवशी मी गिरणीवरून जात असताना गिरणीवाल्याने मला थांबवून विचारले, "तुमचा पाहुणा आहे ना अजून?" माझ्या चाळीस वर्षांच्या वास्तव्यात हा गृहस्थ माझ्याशी पैशांच्या हिशेबापलीकडे बोललेला नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरी आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कुठलेही स्थळ दाखवायचे नाही, घरातले एखादे काम त्याच्याकडे द्यायचे, असा परिपाठ पडला. कोणी मंडईत येतो. मंडईची ती १८८६ सालची दगडी इमारत आणि तिचा अष्टकोनी मनोरा त्यालाही दिसतोच, पण कोथिंबिरीची जुडी निवडताना दिसतो. कोणी दुधाच्या पिशव्या आणतो. भाद्रपदात कोणी आले तर मोदकाला बसते. एका फ्रेंच बाईंच्या पारीला काही केल्या नीट कळ्या पडत नव्हत्या. उकड थंड झाली की पारी चिरते, हे तिसऱ्या मोदकानंतर त्यांना हाताला कळले आणि त्यांनी स्वतःहून वाटीतले कोमट पाणी जवळ ओढून घेतले. त्या बाई आता दरवर्षी गणेश चतुर्थीला त्यांच्या गावी मोदक करतात आणि छायाचित्र पाठवतात. कळ्या अजून सातच असतात.

आपल्यापैकी जे अशी माणसे घरी ठेवतात, किंवा ठेवण्याचा विचार करतात, त्यांनी कृपया लिहावे.

वारजे पूल

आपला धागा माझ्यासाठी अगदी वेळेवर आला. सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांना यजमान मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मी गेल्या वर्षी हौसेने नाव नोंदवले होते. पुढच्या आठवड्यात गोव्याकडून नाशिककडे जाणारे एक पोलिश जोडपे दोन रात्रींसाठी येऊ का, असे विचारत आहे. घरी आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी आणि माझी आई असतो. पत्नीची तयारी आहे. आई स्पष्ट नाही म्हणत नाही, पण "कोण, कुठले, आपल्याला काय माहीत" एवढे बोलून गप्प होते. जागा दोन खोल्यांची आहे. मला त्यांना नाही म्हणायचे नाही आणि आईला तिच्याच घरात अवघडल्यासारखे व्हावे असेही वाटत नाही. काय करावे?

पालखीचा रस्ता

वारजेकर, आपल्या आईंना एक प्रश्न विचारून पाहा : त्यांच्या लहानपणी घरी वारकरी उतरत असत का?

आम्ही भवानी पेठेत राहतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पालख्यांबरोबर आलेली लाखो माणसे त्या दोन रात्री कुठे झोपतात, याचा विचार पेठांच्या बाहेर फारसा होत नाही. ती शाळांत, मंडपांत, कार्यालयांत झोपतात, तशीच आमच्यासारख्यांच्या घरांत, जिन्यांत आणि गच्चीवर झोपतात. आमच्याकडे माझ्या आजोबांच्या काळापासून मराठवाड्यातली एकच दिंडी उतरते. पहिल्या वर्षी ती माणसे आजोबांना पूर्णपणे अनोळखी होती. पावसात अडकलेली दहा-बारा माणसे वाड्याच्या दारात उभी होती, आजोबांनी त्यांना आत घेतले, एवढीच त्याची सुरुवात.

आता त्या घराण्यांची चौथी पिढी येते. आमच्या घरी ज्येष्ठ वद्यात काय काय लागते हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. बंब कुठे आहे, सतरंज्या कोणत्या माळ्यावर आहेत, हे त्यांना विचारावे लागत नाही. बायका आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात जातात. माझी आई त्यांना "तुम्ही दमून आला आहात, बसा" म्हणते, आणि त्या ऐकत नाहीत. संध्याकाळी चुलते एकेकाच्या पायांना तेल लावतात. लहानपणी मला याचा संकोच वाटत असे. एका वर्षी चुलते आजारी होते, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. सत्तरीच्या एका बाबांच्या टाचेला पडलेली भेग मी पहिल्यांदा हातात धरून पाहिली. तिच्यात रस्त्यावरचे डांबर भरले होते आणि ते काढायला मला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला त्यांच्या विहिरीची, मुलाच्या कर्जाची आणि सोयाबीनच्या भावाची सगळी हकिकत सांगितली. तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, ती मोठी मजल असते, म्हणून आमची माणसे पहाटेच निघतात. त्या बाबांनी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्यांचा नातू आला आणि त्याने दारातच विचारले, "तेल लावणारे दादा कोणते?"

सदाशिवपेठींनी गिरणीचे लिहिले, ते मला या कारणाने लगेच पटले. एकत्र काही करायला मिळाले की ओळख होते. परदेशी पाहुण्याच्या बाबतीत भाषा अडते म्हणून आपण घाबरतो, पण टाचेतले डांबर काढताना भाषा फारशी लागत नाही.

उंबरा

मी या विषयात तेरा वर्षे आहे आणि आजही पाहुणे ठेवते, म्हणून मी जे लिहीत आहे ते कृपया विरोध म्हणून वाचू नये.

वरच्या दोन्ही लेखनांत पाहुण्यासाठी राबणारी माणसे बहुतेक बायका आहेत. पाठ धरली पत्नीची, भाकरी थापली पत्नीने, सतरंज्यांचा आणि स्वयंपाकाचा भार आईवर. घरात माणूस ठेवण्याचा निर्णय पुष्कळदा पुरुष मोठ्या मनाने घेतात आणि त्या मोठेपणाचा खर्च कुणाच्या तरी कमरेवर पडतो. आमच्याकडे सुरुवातीला असेच झाले. एक जोडपे पाच दिवस राहिले. ते सकाळी नऊला बाहेर पडत आणि रात्री अकराला येत. मी रोज त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवत असे आणि ते बाहेर जेवून येत असत. ओले टॉवेल पलंगावर, चहाचे कप खिडकीत. शेवटच्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली आणि तुमच्या घरी आम्हाला अगदी मोकळे वाटले, असे सांगितले. ते खरेच सांगत होते. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते, तर त्यांना कसे कळणार? राग मला स्वतःचा आला.

त्यानंतर मी पाहुणा आल्यावर पहिल्या चहाबरोबर चार गोष्टी सांगू लागले. जेवायला नसाल तर सकाळी सांगा. रात्री दहाला आम्ही झोपतो. आपले ताट आपण विसळायचे. आणि एका वेळचे जेवण तुम्ही करून घालायचे, तुमच्या घरी करता तसे. आपल्याकडे पाहुण्याला असे सांगणे उद्धटपणाचे वाटते, माझ्या सासूबाईंनाही वाटले होते. पण एका इटालियन मुलाने बटाट्याचे काहीतरी करताना त्यांच्या मोहरीच्या डब्याला हात लावला, त्यांनी त्याला दटावले, त्याने कान धरले आणि त्या हसल्या. तोवर त्या त्याच्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

सुरक्षिततेचे लिहिते. मी एकटी असताना अनोळखी पुरुषाला ठेवत नाही, आणि याचे स्पष्टीकरण मी कुणालाही देत नाही. आधी यजमानांनी त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते वाचते, व्हिडिओ कॉल करते, आणि पहिली भेट घराबाहेर, जवळच्या अमृततुल्यमध्ये ठेवते. तिथे मन साशंक झाले तर चहाचे पैसे देऊन, जागा होणार नाही, असे सांगता येते. दोनदा मी तसे सांगितले आहे. वारजेकर, आपल्या आईंना या पहिल्या चहाला बरोबर न्या. "कोण, कुठले" हा त्यांचा प्रश्न योग्य आहे आणि तो त्यांनी स्वतः विचारावा.

सदाशिवपेठी

उंबरा, आपले म्हणणे मी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरे झाले कोणीतरी लिहिले." ती पाठ धरण्याची हकिकत मी गिरणीकडे जाण्यासाठी वापरली आणि पाठ का धरली होती, याकडे गेलोच नाही, तर तिच्या सांगण्यावरून लिहितो, की चार दिवस तिने रोज दोन्ही वेळा पाटावर बसवून, आग्रह करून, वाढून त्या मुलाला जेवू घातले होते. आग्रह हा आपल्याकडच्या आतिथ्याचा प्राण मानला जातो, पण तो करणारी आणि तो सोसणारा, दोघेही त्यात दमतात. आता आमच्याकडे पातेली मधे ठेवतात आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचे असते. ताट विसळण्याचा आपला नियमही आजपासून आमच्याकडे लागू झाला आहे.

कागदपत्रे

एक महत्त्वाची बाब अजून कोणी लिहिलेली नाही. परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला राहिला, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरून देणे हे यजमानाचे कायदेशीर कर्तव्य आहे. यालाच आपण सी फॉर्म म्हणत आलो आहोत. हा नियम फक्त हॉटेलांना आहे असा मोठा गैरसमज आहे. तो खासगी घरालाही लागू आहे, पैसे घेतले नसले तरीही आणि एकच रात्र असली तरीही. त्यासाठी यजमानाला आधी स्वतःच्या ओळखपत्रासह आणि पत्त्याच्या पुराव्यासह संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. तिला काही दिवस जाऊ शकतात, म्हणून पाहुणा दारात येण्याची वाट पाहू नये. नंतर पाहुण्याचे पारपत्र, व्हिसा, कुठून आला आणि कुठे जाणार, ही माहिती भरायची असते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा अर्जाचे आजचे स्वरूप संकेतस्थळावर पाहूनच भरावे. पुण्यात अडचण आली तर पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागात चौकशी करता येते.

अर्ज भरला की सोसायटीचाही प्रश्न सुटतो. माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याला आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने रात्री पाऊण तास फाटकाबाहेर उभे केले होते, कारण समितीने परक्यांना सोडू नये असे सांगितले होते आणि मी कुणाला काही कळवले नव्हते. आता मी अर्जाची एक प्रत सचिवांना देतो आणि पाहुण्याला घेऊन रखवालदाराला भेटवतो.

जुना सभासद

माझे वय ७६ आहे. संकेतस्थळे येण्याच्या आधी हे कसे चालत असे, ते थोडे सांगतो.

सर्व्हास नावाची एक संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये सुरू झाली. देशोदेशीची माणसे एकमेकांच्या घरी राहिली तर युद्धाची इच्छा कमी होईल, अशी तिच्या संस्थापकांची श्रद्धा होती. प्रवाशाची आधी मुलाखत होत असे, त्याला परिचयपत्र मिळत असे आणि त्या देशातल्या यजमानांची छापील यादी. तो पोस्टाने पत्र पाठवत असे आणि आम्ही पोस्टानेच उत्तर देत असू. मुक्काम साधारणपणे दोन रात्रींचा. पैसे घ्यायचे नाहीत, पण यजमानाबरोबर वेळ घालवायचा, अशी अपेक्षा होती. नुसते झोपायला कुणी येत नसे. पुढे २००४ मध्ये काउचसर्फिंग आले आणि हीच कल्पना लाखो लोकांपर्यंत गेली. २०२० मध्ये त्यांनी सभासदांकडून वर्गणी घेण्यास सुरुवात केली, तेव्हा पुष्कळ जण बीवेलकमसारख्या विनामूल्य ठिकाणी गेले. मला विचाराल तर संकेतस्थळ कोणते, याने फारसा फरक पडत नाही. येणाऱ्याने आपल्याला पत्र कसे लिहिले आहे ते पाहावे. माझ्या घराविषयी, कामाविषयी त्याने दोन ओळी वाचल्या आहेत असे पत्रात दिसले, तर मी हो म्हणतो.

सदाशिवपेठींच्या एका मताशी मी पूर्ण सहमत नाही. घरातले काम हीच मैत्रीची वाट आहे, असे मला वाटत नाही. १९९० च्या दशकात माझ्याकडे स्वित्झर्लंडचे एक सुतार आले होते. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रमणबागेच्या पटांगणात रात्रभर चालत असे. मी त्यांना घेऊन गेलो. भारतीय बैठक, डिसेंबरची थंडी, दोघांत एक घोंगडी आणि एक थर्मास. त्यांना रागसंगीतातले काही कळत नव्हते आणि मीही त्यांना काही समजावून सांगितले नाही. पहाटे चारच्या सुमारास मला झोप लागली. जाग आली तेव्हा सगळी घोंगडी माझ्या अंगावर होती आणि ते गुडघे पोटाशी घेऊन ऐकत बसले होते. आम्ही लकडी पुलावरून चालत घरी गेलो, वाटेत एक शब्दही बोललो नाही. त्यानंतर सव्वीस वर्षे, त्यांच्या निधनापर्यंत, दर डिसेंबरात त्यांचे पत्र येत असे.

आणखी एक. माझे वडील कोकणातून शिकायला पुण्यात आले तेव्हा वार लावून जेवत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. अनोळखी मुलाला आठवड्यातून एकदा आपल्या पंक्तीला बसवणारी सात घरे या गावात त्यांना मिळाली. १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलेही घरोघरी माधुकरी मागत. वडील सांगत, की सहा घरी त्यांना पोटभर जेवण मिळाले, आणि गुरुवारच्या घरी त्या बाई जेवताना "आज काय शिकलास?" असे विचारत. त्यांच्या बोलण्यात आयुष्यभर आले ते गुरुवारचे घर.

नदीपात्र

मी विद्यार्थी आहे आणि तीन मित्रांबरोबर कोथरूडला राहतो. आमच्याकडे द्यायला जमिनीवरची एक गादी असते. गेल्या पावसाळ्यात एक कोरियन मुलगा चार दिवसांसाठी आला. आमचा ढोल पथकाचा सराव नदीपात्राच्या रस्त्यालगत चालू होता, तो रोज येऊन कडेला बसायचा. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, ढोलाची पाने सैल पडली आणि ती पुन्हा आवळायला माणसे कमी होती. कुणी न सांगता तो उठला आणि दोर ओढू लागला. त्याच्या तळहाताला फोड आले. आमच्या प्रमुखांनी, जे नव्या मुलांना पंधरा दिवस टिपरूसुद्धा हातात देत नाहीत, त्याला कमरेला ढोल बांधून दिला. त्याने परतीचे तिकीट बदलले आणि अनंत चतुर्दशीला तो आमच्याबरोबर लक्ष्मी रस्त्यावर होता, वादनात नव्हता, पाण्याचा कॅन घेऊन रांगेच्या कडेने चालत होता. आमची मोठी खोली नाही, स्वयंपाकघरही नीट नाही. तरीही माणसे ठेवता येतात, एवढे मला सांगायचे आहे.

सदाशिवपेठी

जुना सभासद, आपण माझे म्हणणे दुरुस्त केलेत आणि मला ते मान्य आहे. त्या घोंगडीविषयी मी दिवसभर विचार करत होतो. मी शनिवारवाड्यासमोर सनावळ्या सांगत होतो तेव्हा पाहुण्याला स्वतःहून करण्यासारखे मी काही शिल्लकच ठेवले नव्हते. आपण सुतारांना गाण्याबरोबर एकटे सोडलेत. नदीपात्र, आपल्या मित्रालाही दोर कुणी दिला नाही, त्याने घेतला. मी पाहुण्याला काम द्यावे असे लिहिले होते, ते आता असे म्हणतो, की त्याला काही करता येईल एवढी जागा आपण मोकळी ठेवावी आणि थोडे थांबावे. थांबणे मला जड जाते. मी शिक्षक होतो.

वारजेकर, आपले काय ठरले?

वारजे पूल

सर्वांचे आभार. ठरले, आणि पाहुणे येऊनही गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वारकऱ्यांचा प्रश्न आईला विचारला. तिचे माहेर सासवडजवळचे. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, की आमच्या पडवीत चाळीस माणसे झोपत, आणि त्यांतले कोण कुठले हे माझ्या वडिलांनी कधी विचारले नाही. सी फॉर्मसाठीची नोंदणी वेळेत झाली. उंबरा यांनी सांगितल्याप्रमाणे पहिला चहा घराजवळच्या अमृततुल्यमध्ये घेतला आणि आईला बरोबर नेले. पाहुण्या बाईंच्या सायकलीच्या मागच्या पिशवीला एक कापडी बाहुली बांधलेली होती. आईने बोट दाखवून विचारले. त्यांनी हातानेच सांगितले, की ती त्यांच्या आईने शिवलेली आहे. आई मला म्हणाली, "चल, यांना घरी घेऊन चल, उन्हाचे किती वेळ उभे करायचे?"

दोन रात्रींचे चार दिवस झाले. त्यांना आम्ही काहीही दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तिची लहान सायकल घेऊन आली. तिची साखळी सहा महिने उतरत होती आणि मी ती दुकानात नेण्याचे पुढे ढकलत आलो होतो. त्या गृहस्थांनी पार्किंगमध्ये सायकल उलटी केली, मुलीच्या हातात पाना दिला आणि स्वतः मागे हात बांधून बसले. तिला मागचे चाक सैल करून, मागे ओढून, साखळी ताणायला दीड तास लागला. सोसायटीतली नऊ-दहा मुले भोवती जमली होती. त्यांतली चार दुसऱ्या दिवशी आपापल्या सायकली घेऊन आली. रखवालदारांनीही आपली आणली.

ते आज पहाटे नारायणगावच्या दिशेने गेले. आईने त्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बाहुली आता आमच्या दूरचित्रवाणी संचावर आहे. ती घेणार नाही म्हणून आईने फार आग्रह केला, पण तिचा आग्रह चालला नाही. सदाशिवपेठी, ते परतीच्या वाटेवर महिन्याभराने पुण्यातून जातील आणि त्यांना आपल्याला भेटायचे आहे. मी त्यांना गिरणीची हकिकत सांगितली होती. ती गिरणी अजून चालू आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

सदाशिवपेठी

चालू आहे. इमारत पुनर्विकासाला जाणार असे तीन वर्षे ऐकत आहोत, पण अजून चालू आहे. गिरणीवाल्यांना सांगून ठेवतो. सोमवारी बंद असते, तेवढे त्यांना कळवावे. ज्वारी आमच्याकडे आहे.